तीन मिनिटांत मावलेलं लग्न

क्लॅरिनेटवर एक सूर लागतो, क्षणभर ठरतो, आणि सुटता सुटता घशात काही अडकावं तसा तुटतो. तुटताना वरचा एक सूर निमिषभर चमकून जातो, लगेच श्वास बंद. पुढच्या सुराला पुन्हा तेच. पूर्व युरोपातल्या ज्यू वाजंत्र्यांच्या भाषेत, म्हणजे यिद्दिशमध्ये, या जागेला ‘क्रेख्त्स’ म्हणतात. कण्हणं किंवा हुंदका. आपल्या कानाला ती खटक्याच्या जवळची वाटेल, पण खटका सुराला उजळवतो आणि क्रेख्त्स त्याला अर्ध्यावर दाबून टाकतो. आणि नवल असं, की हा हुंदका शोकगीतात नाही, लग्नाच्या नाचात येतो. चाल धावते आहे, माणसं हात धरून गोलात फिरताहेत, आणि वाद्य मधूनमधून रडून घेतं आहे.

या संगीताला आज क्लेझ्मर म्हणतात. त्यातला तो हुंदका मुळात माणसाच्या गळ्यातला आहे. सिनेगॉगमध्ये प्रार्थना गाणारा, आपल्या बेने इस्रायली मंडळींच्या शब्दांत ‘हजान’, जसा आवाज मोडतो तसा व्हायोलिनवाल्यांनी तो गजाने मोडायला सुरुवात केली, आणि त्यांच्याकडून तो क्लॅरिनेटवाल्यांनी उचलला. त्यातल्या अनेक चालींचे सूर असे: सा, कोमल रिषभ, शुद्ध गंधार, शुद्ध मध्यम, पंचम, कोमल धैवत, कोमल निषाद. ज्यांनी बसंतमुखारी ऐकला आहे, ते हे सूर लगेच ओळखतील. कोमल रिषभावरून शुद्ध गंधारावर जाताना मधे जी मोठी फट राहते, तिच्यातच या सुरावटीची सगळी ओढ आहे. अरबी आणि तुर्की संगीतातला हिजाज इथून फार दूर नाही. म्हणजे आपण ज्या सुरांत पहाटेचं गांभीर्य शोधतो, त्याच सुरांत युक्रेनमधल्या एखाद्या गावात वऱ्हाड नाचत होतं. मला हे अजूनही पुरतं पचलेलं नाही.

त्यांच्याकडे ‘डोयना’ नावाचा एक प्रकार आहे. रोमानियातल्या मेंढपाळांच्या गाण्यातून तो आला. त्याला ठेका नाही. खाली साथीची वाद्यं एक स्वरसंगती नुसती धरून ठेवतात आणि वर एकटं वाद्य मोकळं फिरतं, एका सुरापाशी थांबतं, त्याच्याभोवती घुटमळतं, हुंदका देऊन खाली उतरतं. मग ठेका सुरू होतो आणि लय वाढत नाच येतो. आलापातून द्रुतकडे जाण्याची सवय असलेल्या श्रोत्याला इथे काहीही समजावून सांगावं लागत नाही.

ही मंडळी बहुतेक घराणेदार. बाप व्हायोलिन वाजवणार, मुलगा क्लॅरिनेट किंवा त्सिंबल, म्हणजे संतूरसारखं काठ्यांनी वाजवायचं तंतुवाद्य. समाजात त्यांचा मान बेताचाच, पण त्यांच्यावाचून लग्न होत नसे. त्यांची आपसात बोलायची एक सांकेतिक बोलीही होती. ते रोमा वाजंत्र्यांबरोबर बसत, पोलिश जमीनदारांच्या मेजवान्यांत वाजवत, आणि तिथून उचललेली चाल पुढच्या आठवड्यात ज्यू लग्नात ऐकवत. लग्नात प्रत्येक प्रसंगाची चाल वेगळी असे. पाहुणा आला की त्याच्या स्वागताची, रस्त्याने मिरवत जायची, पंगतीत बसल्यावर ऐकायची, रात्री निरोपाची. सगळ्यांत विलक्षण प्रसंग नवरीला मधोमध बसवण्याचा. ‘बादखेन’ नावाचा पद्यकार तिच्यापुढे उभा राहून शीघ्ररचना करी: बालपण संपलं, आता आईचं घर मागे राहिलं. व्हायोलिन त्याच्या ओळींमागून रडत जाई आणि बायका हमसून हमसून रडत. रडवणं हे वाजंत्र्यांचं कामच होतं, आणि ते नीट झालं नाही तर लग्न अपुरं वाटे.

1881 ते 1924 या काळात पूर्व युरोपातून वीस लाखांहून अधिक ज्यू अमेरिकेत गेले. दारिद्र्य होतं, रशियन साम्राज्यात दंगली होत होत्या, सक्तीची लष्करी नोकरी होती. त्यांतले फार मोठ्या संख्येने न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइड भागात उतरले आणि शिवणकामाच्या कारखान्यांत शिरले. कोकणातल्या चाकरमान्यांनी गिरणगावात जशी गावोगावची मंडळं काढली, तशी इथेही एकेका गावच्या लोकांनी आपापली मंडळं काढली. दफनभूमीची जागा घेणं, आजाऱ्याला मदत करणं, आणि वर्षातून एकदा नाचाचा मोठा जलसा ठेवणं ही त्यांची कामं. वाजंत्र्यांना पोट भरायला हे जलसे पुरले.

पण लग्न आटलं. भाड्याच्या सभागृहाला घड्याळ असतं. नवरीला रडवायला वेळ कोणाकडे होता? शिवाय एकाच दालनात लिथुआनियाचे, गालिसियाचे, बेसाराबियाचे पाहुणे. प्रत्येकाचा नाच वेगळा. मग सगळ्यांना जमेल असा एक नाच वर आला. बेसाराबियाकडचा ‘बुल्गार’ न्यूयॉर्कमध्ये हळूहळू जवळजवळ एकमेव ज्यू नाच होऊन बसला. जो प्रकार मूळ देशात एका कोपऱ्यातला होता, तो इथे सगळ्यांचा ‘गावाकडचा’ ठरला. शहर परंपरा नुसती सांभाळत नाही, तिची नवी गोळाबेरीज करतं, हे मला इथे स्वच्छ दिसतं.

यात यंत्राचा वाटा मोठा आहे. ध्वनिमुद्रण कंपन्यांना कळलं होतं की ज्या घरात ग्रामोफोन आहे तिथे स्वतःच्या भाषेची तबकडी हवी असते. कोलंबिया आणि व्हिक्टर या कंपन्यांनी यिद्दिश, पोलिश, ग्रीक, युक्रेनी, आयरिश, इटालियन असे स्थलांतरितांसाठी वेगवेगळे संच काढले. 1925 च्या आधी मायक्रोफोन नव्हता. वादक मोठ्या कर्ण्यासमोर दाटीवाटीने उभे राहत, आवाजाच्या जोरावर सुई हलायची आणि मेणावर चर उमटायची. या कर्ण्याचा स्वभाव पक्षपाती होता. त्याला तीव्र, टोकदार आवाज आवडत; मऊ आवाज तो गिळून टाकी. व्हायोलिन त्यात क्षीण व्हायचं, मोठं बेस जवळजवळ ऐकूच यायचं नाही, म्हणून त्याच्या जागी ट्यूबा आला. त्सिंबलची नाजूक झणझण बँडच्या गर्दीत हरवे. क्लॅरिनेट मात्र कर्ण्याला फाडून आरपार जाई. शतकानुशतकं व्हायोलिनचं असलेलं हे संगीत काही वर्षांत क्लॅरिनेटचं झालं. क्लॅरिनेट पूर्व युरोपात आधीपासून पुढे येत होती हे खरं, पण तिला सिंहासनावर बसवलं ते या कर्ण्याने.

आणि वेळ? दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर सुमारे तीन मिनिटं मावत. 1902 मध्ये कलकत्त्यात गौहर जान यांनाही ख्याल तेवढ्यातच आटोपावा लागला होता. न्यूयॉर्कमध्ये अख्खं लग्न त्या तीन मिनिटांत कोंबलं गेलं. पंगतीच्या लांबलचक चाली बाहेर राहिल्या, नाच आत आला. डोयना आली ती आखूड होऊन, शेवटी नाचाचं शेपूट लावून.

या तबकड्यांवरची दोन नावं अढळ आहेत. नाफ्तुले ब्रांडवाइन 1884 मध्ये गालिसियात, आज युक्रेनमध्ये असलेल्या पेरेमिश्ल्यानी गावी, वाजंत्र्यांच्या घरात जन्मला आणि 1908 च्या सुमारास न्यूयॉर्कला आला. त्याला स्वरलिपी वाचता येत नव्हती. तो प्रेक्षकांकडे पाठ करून वाजवी, कारण दुसऱ्यांना आपली बोटं दिसू नयेत, अशी आख्यायिका आहे. अंगावर दिव्यांची माळ गुंडाळून वाजवायला उभा राहिला आणि घामाने शॉर्टसर्किट झालं, अशीही एक आहे. आख्यायिका बाजूला ठेवल्या तरी 1920 च्या दशकातल्या त्याच्या तबकड्या पुरेशा आहेत. त्यात एकही सूर सरळ उभा राहत नाही. प्रत्येक सुराला वळसा, गिरकी, हुंदका, आणि तरीही चाल कुठे अडखळत नाही. त्याच्या काळातले हे वादक ‘ॲल्बर्ट’ पद्धतीची जुनी क्लॅरिनेट पसंत करत. तिच्या छिद्रांवर बोट अर्धवट सरकवून सूर ओढता येतो, मींड घेता येते. ग्रीक आणि तुर्की वादकांचीही तीच आवडती, आणि न्यू ऑर्लिन्समधल्या सुरुवातीच्या जॅझवाल्यांचीही.

दुसरा डेव्ह टारास. युक्रेनमधला, 1921 मध्ये आला. स्थलांतरितांची तपासणी होई त्या एलिस बेटावर सामानाला जंतुनाशक वाफ देताना त्याची क्लॅरिनेट खराब झाली असं तो सांगे. सुरुवातीला त्याने फरच्या कारखान्यात काम केलं. टारासचं वाजवणं ब्रांडवाइनच्या अगदी उलट: मोजकं, घोटीव, स्वच्छ. तो स्वरलिपी वाचायचा, वेळेवर यायचा, आणि ग्रीक, पोलिश, रशियन गिऱ्हाइकांसाठीही तितक्याच सफाईने वाजवायचा. शहरात टिकला तोच. ब्रांडवाइन 1963 मध्ये जवळजवळ विस्मृतीत गेला. मला दोघांत निवड करायला सांगितली तर मी ब्रांडवाइनकडे जाईन. पण टारास नसता तर पुढची गोष्टच घडली नसती.

त्याआधी शेजाऱ्यांकडे पाहायला हवं, कारण या शहरात कोणाचंही संगीत एकट्याचं राहत नाही. कोस बेटावरची मारिका पापागिका 1915 मध्ये न्यूयॉर्कला आली. 1920 च्या दशकात आठव्या अव्हेन्यूजवळ तिचा स्वतःचा क्लब होता. ती ग्रीकमध्ये गायची, तुर्कीतही गायची. ग्रीक, आर्मेनियन, अरब, तुर्की ज्यू असे ज्यांचे देश एकमेकांच्या जिवावर उठले होते, ते लोक आठव्या अव्हेन्यूवर शेजारी शेजारी बसून तीच गाणी ऐकत. तिचा नवरा साथीला काय वाजवायचा? सिंबालोम, म्हणजे ज्यू वाजंत्र्यांच्या त्सिंबलचाच मोठा भाऊ.

आणि मग ते तीस डॉलरचं गाणं. शोलोम सेकुंडाने 1932 मध्ये ब्रुकलिनच्या एका यिद्दिश संगीत नाटकासाठी ‘बाय मिर बिस्टू शेन’ची चाल बांधली. पुढे त्याने आणि गीतकार जेकब जेकब्झने हक्क तीस डॉलरना विकून टाकले. इकडे सॅमी कान नावाच्या तरुण ज्यू गीतकाराने हार्लेमच्या अपोलो थिएटरमध्ये दोन कृष्णवर्णीय कलाकारांना हे गाणं यिद्दिशमध्ये गाताना पाहिलं, आणि समोरचं सगळं कृष्णवर्णीय प्रेक्षागृह त्यावर डोलत होतं. त्याने एका सहकाऱ्यासोबत त्याला इंग्रजी शब्द लिहिले. 1937 च्या अखेरीस तीन बहिणींनी, अँड्र्यूज सिस्टर्सनी, ते गायलं आणि ते देशभर गाजलं. त्या बहिणी ग्रीक-नॉर्वेजियन घरातल्या. एका गाण्याने किती दारं ओलांडली! पुढे 1939 मध्ये बेनी गुडमनच्या बँडनेही एका जुन्या क्लेझ्मर बुल्गारचं जॅझगीत करून यश मिळवलं. वारं दुसऱ्या दिशेनेही वाहत होतं: ब्रुकलिनचा ज्यू पियानोवादक लॅरी हार्लो क्यूबन संगीत शिकायला थेट हवानाला गेला, आणि पोर्तो रिकन मंडळींनी त्याला साल्सातला ‘अद्भुत ज्यू’ अशी पदवी दिली.

ज्यू जिथे राहिले तिथली चाल त्यांनी आपली केली, याचं उदाहरण आपल्या अंगणातही आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबई-कोकणातल्या बेने इस्रायली मंडळींनी बायबलमधली आख्यानं मराठी कीर्तनात बांधली. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये आज बुखारातून आलेले ज्यू राहतात; त्यांचं शशमकाम मध्य आशियाच्या दरबारी परंपरेतलं आहे आणि त्याचा क्लेझ्मरशी काहीही संबंध नाही. त्याच क्वीन्सच्या रिचमंड हिल भागात गयाना-त्रिनिदादहून आलेले, मूळचे भोजपुरी पट्ट्यातले लोक फगवाला, म्हणजे होळीला, ‘तासा’ बडवत मिरवणूक काढतात. तो ताशा ऐकून ढोल-ताशा पथकातलं कोणीही पोर हातातलं काम टाकून धावेल.

1924 च्या कायद्याने अमेरिकेने दार जवळजवळ बंद केलं. नवे वऱ्हाडी येणं थांबलं. मुलांना जॅझ हवा होता. मग युद्ध आलं, आणि ज्या गावांतून हे संगीत निघालं होतं, ती माणसांसकट संपवली गेली. युद्धानंतर अमेरिकेतल्या ज्यू समारंभांत इस्रायली गाणी आली. 1955 मध्ये टारास आणि त्याचा जावई सॅम मुसिकर यांनी ‘तान्झ’ नावाची एक लाँगप्ले तबकडी केली, तिला गिऱ्हाईक मिळालं नाही. जाणकारांना ती आज अनमोल वाटते.

1970 च्या दशकात काही तरुणांना मात्र प्रश्न पडला. अँडी स्टॅटमन हा ब्लूग्रास मँडोलिन वाजवण्यात नाव कमावलेला मुलगा; झेव्ह फेल्डमन ग्रीक आणि पूर्वेकडच्या संगीताचा अभ्यासक. दुसऱ्यांचं लोकसंगीत एवढं मन लावून शिकतो, मग आपलं कुठे आहे? ते शोधत शोधत टारासच्या घरी पोचले. म्हातारा अजून ब्रुकलिनमध्ये होता. स्टॅटमनने त्याच्याकडून हुंदका शिकला, आणि टारासने पुढे आपल्या क्लॅरिनेट त्याच्याकडे सोपवल्या. 1978 च्या नोव्हेंबरमध्ये मॅनहॅटनमध्ये, कासा गालिसिया या स्पॅनिश स्थलांतरितांच्या सभागृहात, टारासची मैफल झाली. 1984 मध्ये त्याला अमेरिकेचा राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. 1989 मध्ये तो गेला. 1985 पासून कॅट्सकिल डोंगरात दर हिवाळ्यात ‘क्लेझकॅम्प’ नावाचा क्लेझ्मर शिकवणारा मेळावा भरू लागला, तीस वर्षं चालला. 1986 मध्ये ईस्ट व्हिलेजमध्ये ‘द क्लेझमॅटिक्स’ हा गट जमला. या गटाने अमेरिकन लोकगायक वुडी गथ्रीच्या शब्दांना चाली लावून 2007 मध्ये ग्रॅमी मिळवलं. गथ्रीची सासू यिद्दिश कवयित्री होती आणि तो कोनी आयलंडला तिच्या जवळच राहायचा, म्हणून ते शब्द ज्यू जगण्याच्या इतके जवळचे आहेत.

पण टारास एकटा. बाकीचे गुरू लाखेच्या तबकड्या होत्या. तरुण मुलं सुई उचलून पुन्हा मागे ठेवत, एकेक गिरकी कानाने उतरवत. त्यांनी जी परंपरा शिकली ती कर्ण्याने निवडलेली होती: क्लॅरिनेट पुढे, ट्यूबा मागे, तीन मिनिटं, नाच जास्त, बुल्गार फार. आयर्लंडला हेच वेगळ्या रीतीने घडलं. स्लायगोचा मायकेल कोलमन 1914 मध्ये न्यूयॉर्कला आला. त्याच्या व्हायोलिनच्या तबकड्या बोटीने परत आयर्लंडला गेल्या, आणि दूरदूरच्या परगण्यांतले वादक आपली स्थानिक ढब सोडून त्याच्यासारखं वाजवायला लागले. शहरातून परत आलेला सूर गावातल्या सुराहून खरा वाटू लागला. ही मोठी हानी म्हणावी की मोठं दान? कोलमन ऐकताना तक्रार सुचत नाही, एवढं नक्की.

क्लेझ्मरच्या बाबतीत मात्र दुसरा साक्षीदारही सापडला आहे. कीव्हमध्ये मोइसेई बेरेगोव्स्की या संशोधकाने 1930 च्या दशकापासून ज्यू वाजंत्र्यांकडून चाली गोळा केल्या. 1950 मध्ये त्याला अटक झाली, तो श्रमछावणीत गेला, 1955 मध्ये सुटला, 1961 मध्ये वारला. त्याचा संग्रह नष्ट झाला असंच कित्येक वर्षं मानलं जात होतं. पण कीव्हच्या व्हर्नाड्स्की ग्रंथालयात एक हजाराहून अधिक मेणाच्या नळकांड्या जपून राहिल्या होत्या. 2005 मध्ये युनेस्कोने त्यांची नोंद जागतिक स्मृतींमध्ये केली. त्याच ग्रंथालयात हस्तलिखितंही आहेत. झुस्मान किसेलगोफ नावाच्या शिक्षकाने पहिल्या महायुद्धाआधी गावोगाव फिरून टिपलेली, आणि अव्राम-येहोशुआ माकोनोवेत्स्की या व्हायोलिनवाल्याने आपल्या घराण्याचं भांडार बेरेगोव्स्कीसाठी स्वतःच्या हाताने उतरवून दिलेलं. 2020 पासून क्लेझ्मर इन्स्टिट्यूटच्या पुढाकाराने जगभरातले हौशी आणि व्यावसायिक वादक त्या पानांची छायाचित्रं वाचून एकेक चाल संगणकावर पुन्हा लिहीत आहेत. पाहुण्याच्या स्वागताच्या, पंगतीला ऐकवायच्या, नवरीला रडवायच्या, व्हायोलिनसाठी बांधलेल्या चाली. त्यांतल्या कित्येक कुठल्याही तबकडीवर नाहीत. काही वादकांनी त्या बसवून वाजवायलाही घेतल्या आहेत, आणि तिथे प्रत्येक वाक्यापाशी त्यांना ठरवावं लागतं, की कागदावर न लिहिलेला हुंदका इथे घ्यायचा की पुढच्या सुरावर.